अपडेट डिस्कवर, जुना कोड मेमरीत: सर्व्हर रीबूट करायचा की नाही?

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातल्या उबुंटू सर्व्हरवर अपडेट नियमित टाकले जातात. लॉग इन केलं की ‘सिस्टम रीस्टार्ट रिक्वायर्ड’ ही ओळ दोन महिन्यांपासून दिसते आहे. सगळं व्यवस्थित चालू आहे, आणि एक सहकारी सांगतो की रीबूट हे विंडोजचं दुखणं, लिनक्सला त्याची गरज नसते. मग रीबूट करायचा का, आणि दर वेळी करायचा का?

दर वेळी नाही. पण ती ओळ दोन महिने दिसत असेल तर करायचाच, आणि याच आठवड्यात वेळ ठरवून करायचा. सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्यातलं खरं कोणतं हे कळलं, की पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

लिनक्सवर पॅकेज मॅनेजर वापरात असलेल्या फाइलवर थेट लिहीत नाही. नवी फाइल तात्पुरत्या नावाने शेजारी लिहून घेतो आणि मग तिला एका झटक्यात जुन्या फाइलचं नाव देतो. त्या क्षणापासून ते नाव नव्या फाइलचं. जुनीचं नाव पुसलं जातं, पण ज्या प्रोसेसनी ती आधीच उघडून मेमरीत जोडून घेतली आहे, त्यांच्यासाठी तिचा आयनोड (डिस्कवरची नोंद) आणि मजकूर शाबूत राहतो. शेवटची प्रोसेस ती सोडत नाही तोवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ती जागा मोकळी करत नाही. म्हणूनच भर दुपारी अपडेट टाकला तरी वेबसर्व्हर कोसळत नाही. पण त्याच कारणाने तो वेबसर्व्हर जुनाच कोड चालवत राहतो. पॅकेजची आवृत्ती विचारली तर यंत्रणा नवा आकडा सांगेल. ऑडिटचं साधन फक्त पॅकेजची यादी वाचत असेल तर तेही सगळं ठीक असल्याचं लिहून देईल. भोक मात्र उघडंच असतं.

याचा व्यवहारात काय अर्थ होतो, ते गाजलेल्या चार त्रुटी शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसतं. जानेवारी २०२१ मध्ये ‘सुडो’मध्ये (एखादी आज्ञा वरच्या अधिकाराने चालवू देणारा प्रोग्राम) कोणत्याही साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ देणारी त्रुटी सापडली. सुडो क्षणभर चालतो आणि संपतो, त्यामुळे पॅकेज बदललं की पुढच्या वेळी आपोआप नवाच चालतो. काहीच रीस्टार्ट करायला नको. एप्रिल २०१४ मधली ओपनएसएसएलची हार्टब्लीड त्रुटी वेगळी होती. ती लायब्ररीत (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या सामायिक कोडमध्ये) होती, आणि ती लायब्ररी अपाची, एनजिनएक्स, पोस्टफिक्स, ओपनव्हीपीएन अशा सतत चालणाऱ्या प्रोसेसनी धरून ठेवलेली. पॅकेज बदलून सर्व्हिस रीस्टार्ट न केलेले सर्व्हर अपडेटनंतरही मेमरीतला मजकूर बाहेर सांडत राहिले. तिथे रीबूट लागत नव्हता, पण ओपनएसएसएल वापरणारी प्रत्येक सर्व्हिस रीस्टार्ट करणं भागच होतं. जानेवारी २०१५ मधली ‘घोस्ट’ त्रुटी जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीत होती. जीलिबसी जवळपास प्रत्येक प्रोसेस वापरते, पहिल्या क्रमांकाची प्रोसेससुद्धा. सगळं एकेक करून रीस्टार्ट करणं कागदावर शक्य आहे, पण एखादी तरी प्रोसेस हमखास निसटते, म्हणून तिथे रीबूट हाच शहाणपणा. चौथी म्हणजे ऑक्टोबर २०१६ मधली ‘डर्टी काऊ’. ती थेट कर्नलमध्ये होती. चालू कर्नल मेमरीत एकदाच चढतो. नव्या कर्नलचं पॅकेज बूट फोल्डरमध्ये एक नवी फाइल ठेवतं आणि ग्रबच्या (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत एक ओळ वाढवतं, बस. रीबूट होईपर्यंत तुम्ही त्या अपडेटचा काडीचाही उपयोग करून घेतलेला नसतो.

या चार पायऱ्या डोक्यात ठेवल्या तर कोणतंही अपडेट त्यातल्या एकीवर बसवता येतं. क्षणभर चालणारा प्रोग्राम असेल तर काही नको. एखाद्या सर्व्हिसचाच प्रोग्राम असेल तर पॅकेजची स्क्रिप्ट सहसा ती सर्व्हिस स्वतःच रीस्टार्ट करते. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचची गंभीर त्रुटी आली तेव्हा अपडेटबरोबरच एसएसएच सर्व्हिस नवी झाली, आणि चालू असलेली लॉग इन सत्रं तुटलीही नाहीत. लायब्ररी असेल तर ती धरून बसलेल्या सर्व्हिस शोधायच्या. कर्नल, जीलिबसी, डीबस (प्रोसेसमध्ये निरोप पोचवणारी सर्व्हिस) आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतला कोड) यांसाठी रीबूट. मायक्रोकोड बूटच्या अगदी सुरुवातीला, इनिटरॅमएफएसमधून (बूटपुरत्या तात्पुरत्या फाइल सिस्टममधून) चढतो. चालू मशीनवर तो मागाहून चढवणं जोखमीचं आहे, त्या वाटेला जाऊ नका. सिस्टिमडीचं (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या, पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसचं) नाव या यादीत बरेच जण घालतात. पण ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीएक्झेक’ ही आज्ञा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस आहे तिथेच नव्या रूपात सुरू करते, आणि पॅकेज ती स्वतःच देतं. डीबसचं मात्र तसं नाही. तो मधेच रीस्टार्ट केला तर लॉगिनडीपासून नेटवर्क मॅनेजरपर्यंत त्याच्यावर अवलंबून असलेले भाग विचित्र वागू लागतात. त्याला हात न लावता सरळ रीबूट करावा.

आता तुमच्या मशीनला नेमकं काय हवं आहे, ते मशीनलाच विचारा. उबुंटूवर व्हार-रन फोल्डरमध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल तयार होते. लॉग इन करताना दिसणारी ओळ तिच्यावरूनच येते. तिच्या शेजारी त्याच नावापुढे ‘पीकेजीएस’ लावलेली दुसरी फाइल असते. ती उघडून बघा, कोणत्या पॅकेजमुळे रीबूट मागितला आहे त्यांची नावं तिच्यात असतात. बहुतेक वेळा तिथे लिनक्स-इमेज किंवा लिबसी दिसेल. पण ही फाइल फक्त ज्या पॅकेजनी आठवणीने सांगितलं त्यांचीच. लायब्ररीचं खरं चित्र ‘नीडरीस्टार्ट’ देतो. तो प्रत्येक चालू प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा वाचतो आणि पुसलेली फाइल कोण धरून बसलं आहे ते सांगतो. चालू कर्नल आणि डिस्कवरचा कर्नल यांत फरक असेल तर तेही सांगतो. ‘-आर एल’ दिलं तर फक्त यादी दाखवेल, ‘-आर ए’ दिलं तर सगळं आपोआप रीस्टार्ट करेल. उबुंटू सर्व्हर २२.०४ पासून तो मुळातच बसवलेला असतो आणि २२.०४ वर अपडेटनंतर जांभळ्या पडद्यावर सर्व्हिसची यादी पुढे करतो. अनेक जण त्या पडद्यावर सवयीने एंटर दाबतात. काही सर्व्हिसवर आधीच खूण नसते, त्यात डीबस, लॉगिनडी आणि डॉकर येतात. ती खूण मुद्दामच लावलेली नाही, हे लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द नीडरीस्टार्टमध्ये साध्या वापरकर्त्याला रूट होऊ देणाऱ्या त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा तोही अद्ययावत आहे ना, ते पाहून घ्या.

रेड हॅट, अल्मा, रॉकी यांवर ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ आहे. ‘-आर’ दिलं की रीबूट हवा असेल तर एक्झिट कोड १ येतो, नको असेल तर ०, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये वापरायला सोपं. ‘-एस’ने सर्व्हिसची यादी मिळते. सुसेवर ‘झिपर पीएस -एस’. यातलं काहीच नसेल तर ‘एलएसओएफ’च्या उत्तरात ‘डीईएल’ अशी खूण असलेल्या ओळी शोधा, काम भागतं. आणि कर्नलपुरतं, ‘युनेम -आर’ काय सांगतं आणि बूट फोल्डरमध्ये सर्वांत नवा कोणता आहे, एवढं पाहिलं तरी पुरे.

मग लाइव्ह पॅचिंग आहे ना, असं कोणी विचारेल. आहे, आणि चांगलं आहे. कर्नलमध्ये त्याचा पाया ४.० या आवृत्तीत, एप्रिल २०१५ मध्ये आला. उबुंटूचा लाइव्हपॅच, रेड हॅटचा केपॅच, ओरॅकलचा केस्प्लाइस ही त्याची नेहमीची रूपं. उबुंटू प्रो व्यक्तिगत वापराला ५ मशीनपर्यंत मोफत मिळतं. पण त्याच्याकडून अपेक्षा योग्य ठेवा. तो सदोष फंक्शनच्या सुरुवातीलाच कर्नलला नव्या फंक्शनकडे वळवतो. ज्या दुरुस्तीत डेटाची रचनाच बदलते, तिथे तो अडतो. जीलिबसी, मायक्रोकोड, ड्रायव्हरमधली सुधारणा हे त्याच्या कक्षेबाहेर आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर आले तेव्हा मेमरी व्यवस्थापनाच्या मुळाशीच बदल करावे लागले, आणि रीबूटवाचून बहुतेकांची सुटका नव्हती. शिवाय एका कर्नलसाठी लाइव्ह पॅच अनंतकाळ मिळत नाहीत, ठराविक मुदतीनंतर नव्या कर्नलवर जावंच लागतं. तेव्हा आज रात्रीऐवजी येत्या शनिवारी रीबूट करता यावा, यासाठी लाइव्ह पॅचिंग वापरा. वर्षभर रीबूट टाळण्यासाठी नको.

खरं तर बहुतेक ठिकाणी अडचण तांत्रिक नसते. रीबूट लांबवला जातो तो भीतीपोटी: मशीन परत वर आलंच नाही तर? ही भीती खोटी नाही. पण रीबूट लांबवल्याने ती कमी होत नाही, वाढते. दोन वर्षं चालू असलेल्या सर्व्हरवर मधल्या काळात कोणी हाताने आयपी जोडलेला असतो, कोणी फायरवॉलचा नियम टाकून जतन केलेला नसतो, कोणी ‘सिसीटीएल’ने एखादा आकडा बदललेला असतो, कोणी बॅकअपची डिस्क माउंट करून एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) लिहिलेली नसते, आणि एखादं ॲप्लिकेशन टीमक्सच्या खिडकीत हाताने सुरू केलेलं असतं. हे सगळं फक्त मेमरीत जिवंत असतं. आपल्याकडे वीज जाते, यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत दम तोडते, आणि मग हाच सर्व्हर तुम्ही न निवडलेल्या वेळी, एखाद्या सोमवारी सकाळी साडेदहाला, महिन्यांच्या साचलेल्या अपडेटसह रीबूट होतो. तेव्हा नेमकं काय बिघडलं हे शोधायला ज्याने ते बदल केले तो माणूस नोकरीत असेलच असं नाही.

दीर्घ अपटाइमचा अभिमान बाळगण्यातही अर्थ नाही. शंभर हर्ट्झच्या घड्याळावर चालणाऱ्या जुन्या बत्तीस बिटी लिनक्स कर्नलमध्ये टिकांचा मोजक ४९७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येत असे. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेतल्या प्रोसेसरमध्ये शेवटच्या रीसेटनंतर साधारण १,०४४ दिवसांनी कोअर गाढ झोपेच्या अवस्थेतून परत न येण्याचा दोष कंपनीने स्वतः नोंदवलेला आहे. असे दोष कारखान्यातल्या चाचणीत सहज सापडत नाहीत, कारण तिथे कोणी मशीन तीन वर्षं अखंड चालवत बसत नाही.

म्हणून पहिला सल्ला, जो फार थोडे जण पाळतात: सर्व्हर बरेच महिने चालू असेल तर अपडेट टाकण्यापूर्वी एकदा रीबूट करा. काहीही न बदलता. तो नीट वर आला तर मग अपडेट टाका आणि पुन्हा रीबूट करा. पहिल्या रीबूटला काही तुटलं तर ते जुनं दुखणं, दुसऱ्याला तुटलं तर अपडेटचं. दोन्ही एकत्र केलं तर रात्री एक वाजता नव्या कर्नलला दोष देत बसाल आणि खरं कारण आठ महिन्यांपूर्वी एफएसटॅबमध्ये लिहिलेली एक चुकीची ओळ असेल. तुमच्या बाबतीत दोन महिन्यांचे अपडेट आधीच पडलेले आहेत, त्यामुळे ही संधी गेली आहे. पण ग्रबच्या मेनूतून जुन्याच कर्नलवर आधी उठवून पाहिलंत तर निम्मा फायदा अजूनही मिळतो.

तयारीला अर्धा तास लागतो आणि तो वाचवू नये. सगळ्यात आधी कन्सोल. भौतिक सर्व्हर असेल तर आयड्रॅक किंवा आयएलओ (दुरून सर्व्हरचा पडदा दाखवणारी सोय), व्हर्च्युअल असेल तर प्रॉक्समॉक्स वा व्हीएमवेअरचा कन्सोल. पासवर्ड आठवतो आहे असं समजू नका, प्रत्यक्ष उघडून पडदा दिसतो का ते पाहा. आयएलओच्या मूळ परवान्यात ऑपरेटिंग सिस्टम सुरू झाल्यानंतरचा ग्राफिक पडदा पूर्णपणे मिळत नाही, आणि आयड्रॅकच्या व्हर्च्युअल कन्सोललाही सहसा वरचा परवाना लागतो. हे आयत्या वेळी कळलं की गाडी काढून डेटा सेंटरला जाणं आलं.

मग बॅकअप, आणि त्यातली एखादी फाइल परत काढून पाहिलेली. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घ्या, पण तो दोन-तीन दिवसांत काढून टाका. विसरलेला स्नॅपशॉट वाढत वाढत डेटास्टोअर भरतो आणि मग त्यावरच्या सगळ्याच मशीन अडकतात.

बूट फोल्डरमध्ये जागा आहे का पाहा. जुन्या उबुंटूंवर ते वेगळं पार्टिशन असेल आणि लहान असेल, तर जुने कर्नल साचून ते भरतं, नव्या कर्नलचा इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिला जातो, आणि रीबूटला मूळ डिस्क न सापडल्याने कर्नल पॅनिक होतो. नव्या कर्नलच्या नावाची इनिटआरडी फाइल आहे का आणि तिचा आकार जुनीच्या जवळपास आहे का, हे एका नजरेत कळतं. डीकेएमएसने, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या सोयीने, बांधलेले ड्रायव्हर असतील (एनव्हिडिया, झेडएफएस, अनेक डिस्क एकत्र चालवणारं एखादं रेड कार्ड) तर ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ लिहिलेलं हवं. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर असा बाहेरचा असेल आणि तो बांधला गेला नसेल, तर मशीन वर येईल पण नेटवर्कवर दिसणार नाही.

एफएसटॅब तपासायला ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा. रीबूटनंतर सर्व्हर न उठण्याचं सर्वाधिक दिसणारं कारण तिथेच असतं. काढून टाकलेल्या डिस्कची ओळ तिथे राहिलेली असते. सिस्टिमडी त्या डिस्कसाठी ९० सेकंद थांबतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातो. उबुंटूवर रूटचं खातं मुळात बंद असतं, त्यामुळे त्या मोडमध्ये काही वेळा लॉग इनही करता येत नाही, ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ एवढंच दिसत राहतं. ज्या डिस्कवाचून सर्व्हर उठू शकतो तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा, आणि डिस्क एसडीए-एसडीबी अशा नावांनी न लिहिता यूयूआयडीने लिहा. कंट्रोलरने डिस्क वेगळ्या क्रमाने मोजल्या की ती नावं बदलतात.

यानंतरची गोष्ट दोन मिनिटांची आहे आणि तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. ‘एसएस -टीएलएनपी’चं उत्तर एका फाइलमध्ये साठवा: कोणती प्रोसेस कोणत्या पोर्टवर ऐकते आहे. चालू सर्व्हिसची यादी, माउंटची यादी, आयपी आणि राउट, फायरवॉलचे नियम, हेही तसंच साठवा. रीबूटनंतर पुन्हा साठवा आणि दोन्हींतला फरक काढा. ८०८० वर ऐकणारं जावा ॲप्लिकेशन गायब आहे हे तुम्हाला दोन मिनिटांत कळेल, दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या फोनवरून कळणार नाही. त्याच वेळी ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ही पाहून ठेवा. जे आधीच नापास आहे त्याचं खापर रीबूटवर नको. डॉकरचे कंटेनर असतील तर प्रत्येकाचं रीस्टार्ट धोरण पाहा. मुळात ते ‘नो’ असतं आणि तसा कंटेनर रीबूटनंतर उठत नाही.

डेटाबेस स्वतः थांबवा, मशीनसोबत ओढला जाऊ देऊ नका. सर्व्हिस थांबायला सिस्टिमडी मुळात ९० सेकंद देतो आणि मग सरळ मारतो. काही डेटाबेसची पॅकेजं ही मुदत वाढवून घेतात, पण तुमच्याकडे ती किती आहे ते पाहिलेलं बरं. मोठ्या मायएसक्यूएलला बफर पूलमधली अस्वच्छ पानं डिस्कवर लिहायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. मारला गेला तरी इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) लॉगवरून सावरतो, पण त्या सावरण्यात तुमचा वेळ जातो. थांबवण्याच्या अर्धा तास आधी ‘इनोडीबी मॅक्स डर्टी पेजेस पर्सेंट’ शून्यावर आणा, पोस्टग्रेसला हाताने एक ‘चेकपॉइंट’ द्या, म्हणजे थांबणं झटपट होतं. रेडची पुनर्बांधणी, बॅकअप किंवा कोणाचं रात्रभराचं काम चालू नाही ना, तेही पाहा.

मग रीबूट द्या आणि हात बाजूला ठेवा. व्हर्च्युअल मशीन मिनिटभरात येते. भरपूर मेमरी आणि रेड कार्ड असलेला भौतिक सर्व्हर स्वतःची तपासणी करायला दहा मिनिटं सहज घेतो, आणि या काळात पिंग येत नाही म्हणून पॉवर बटण दाबणं हा स्वतःहून ओढवलेला घोटाळा. कन्सोलवर काय चाललं आहे ते पाहत राहा.

वर आल्यावर ‘युनेम -आर’ने नवा कर्नलच चालू आहे याची खात्री करा. ग्रबचा डीफॉल्ट कोणी जुन्यावर अडकवून ठेवलेला असेल तर रीबूट होऊनही तुम्ही होता तिथेच असता. मग ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’, ‘जर्नलसीटीएल -बी -पी एरर’, आधीच्या फाइलींशी तुलना, घड्याळ जुळलं आहे का, आणि शेवटी ॲप्लिकेशनमध्ये खऱ्या वापरकर्त्यासारखं लॉग इन करून एखादा व्यवहार. पोर्ट उघडं आहे याचा अर्थ ॲप्लिकेशन चालतं आहे असा होत नाही.

नाहीच उठला, तर ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडा. मेनू दिसत नसेल तर यूईएफआय मशीनवर एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट. इमर्जन्सी मोडमध्ये अडकला आणि रूट बंद असेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ‘इनिट’ला बॅशचा पत्ता द्या, मूळ फाइल सिस्टम लिहिण्याजोगी करून पुन्हा माउंट करा, आणि एफएसटॅबमधल्या चुकीच्या ओळीपुढे हॅश घाला. दूरच्या मशीनसाठी आणखी एक चांगली सोय आहे: ग्रबचा डीफॉल्ट ‘सेव्ह्ड’ ठेवून जुना कर्नल कायमचा निवडायचा, ‘ग्रब-रीबूट’ने नवा फक्त एकदाच उठवायचा, आणि कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ लिहायचं. नवा पॅनिक झाला तर दहा सेकंदांनी मशीन आपोआप जुन्यावर परत येतं. बूट फोल्डर एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर असेल तर मात्र ही युक्ती वापरू नका. ग्रबला तिथे लिहिता येत नाही, त्यामुळे ‘एकदाच’ची नोंद पुसलीच जात नाही.

विंडोज सर्व्हरवर हा सगळा विचार फारसा करावा लागत नाही, कारण तिथे निवडच कमी आहे. वापरात असलेली फाइल विंडोज सहसा बदलू देत नाही. अपडेट नव्या फाइली बाजूला ठेवतं, आणि पुढच्या बूटला त्या जागेवर जातात. म्हणजे रीबूट होईपर्यंत अपडेट बसलेलंच नसतं. एसएमबीमधल्या त्रुटीचा पॅच १४ मार्च २०१७ रोजी आला होता आणि वॉनाक्राय १२ मे रोजी पसरला. मधले दोन महिने ज्यांनी पॅच टाकून ‘रीस्टार्ट लेटर’ दाबत काढले, ते पॅच न टाकणाऱ्यांइतकेच उघडे होते. शिवाय रीबूट बाकी असताना एसक्यूएल सर्व्हरसारख्या कित्येक गोष्टींचं सेटअप पुढे जायलाच नकार देतं. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये ॲझ्युअर आर्कमार्फत हॉटपॅचिंग मिळतं. त्यातही जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रीबूट ठरलेला. डोमेन कंट्रोलर दोन असतील तर दोन्ही एका वेळी खाली नेऊ नका.

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मधला, आणि जीएसटीआर-१ ची नेहमीची तारीख ११. कर सल्लागाराच्या किंवा हिशेबाच्या ऑफिसात बुधवारी सकाळी आपोआप रीबूट होणारा टॅली सर्व्हर नेमका त्याच गर्दीत सापडतो. तेव्हा आपोआप रीबूट बंद ठेवून येणारा शनिवार निवडा. २० तारखेच्या जीएसटीआर-३बी पूर्वी दुरुस्तीला हाताशी दिवस असतात.

किती लांबवता येईल, याचं माझं उत्तर असं. कर्नलची त्रुटी आहे, तिचा वापर करणारा कोड उघड झाला आहे आणि मशीनवर बाहेरच्या लोकांना काही चालवता येतं (होस्टिंग, कॉलेजचा लॅब सर्व्हर, कंटेनर), तर एक-दोन दिवस, त्याहून जास्त नाही. कंटेनर यजमानाचाच कर्नल वापरतो. आतली इमेज कितीही ताजी केली तरी यजमान रीबूट झाल्याशिवाय उपयोग नाही. आतल्या, मोजक्या लोकांच्या सर्व्हरला महिन्यातून एक ठरलेली रात्र पुरते. अपडेट आलं नाही तरी त्या रात्री रीबूट करा, म्हणजे तो सवयीचा भाग होतो. क्लाउडवर ‘रीबूट’ आणि ‘स्टॉप-स्टार्ट’ यांत गल्लत करू नका. ॲमेझॉनवर इलॅस्टिक आयपी नसेल तर थांबवून सुरू केल्यावर सार्वजनिक आयपी बदलतो आणि इन्स्टन्स स्टोअरवरचा डेटा जातो. रीबूटमध्ये दोन्ही टिकतात.

आपोआप रीबूट चालेल का? उबुंटूच्या ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’मध्ये ‘ऑटोमॅटिक-रीबूट’ सुरू करून वेळ ०२:०० देता येते. जिथे सारख्या कामाची दोन-तीन मशीन आहेत आणि पुढे लोड बॅलन्सर आहे, तिथे बेलाशक करा, फक्त प्रत्येकाची रात्र वेगळी ठेवा. एकट्या डेटाबेस सर्व्हरवर करू नका. तिथे माणूस जागा हवा. डेटाबेसची जोडी असेल तर आधी प्रतिकृती रीबूट करा, ती मुख्य सर्व्हरला गाठेपर्यंत थांबा, एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्या, मग मुख्य भूमिका तिच्याकडे देऊन दुसरा रीबूट करा. तीन नोडचा क्लस्टर असेल तर एका वेळी एकच नोड, आणि तो पूर्णपणे परत सामील झाल्याचं क्लस्टरने सांगितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.